टाचेचा कौल

मुकादमाने पायातला बूट काढला की टोळीतलं बोलणं आपोआप बंद व्हायचं. खडी टाकणाऱ्या बायका घमेली खाली ठेवायच्या, रोलरवाला इंजिन बंद करायचा. डांबराच्या बंबाखाली जाळ घालायला मुकादमाचा मेहुणा होता. त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं, पण त्या वेळी तोही लाकूड हातात धरून गप्प उभा राहायचा. मुकादम उजव्या पायाची टाच झाडलेल्या रस्त्यावर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि वैद्य नाडी बघतो तसा थोडा वेळ थांबायचा. मग म्हणायचा, "चालू द्या." नाहीतर म्हणायचा, "थांबा." एवढ्या दोन बोलांवर त्याने तीस वर्षं मुकादमकी केली होती.

आता कोणी म्हणेल, रस्त्यावर डांबर ओतायला टाच कशाला लागते? पण हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. जुना रस्ता झाडायचा, त्यावर झारीने गरम डांबर सोडायचं, लगेच बारीक खडी पसरायची आणि रोलर फिरवायचा. ऐकायला सोपं आहे. पण रस्ता गार असला तर डांबर पडल्या जागी आकसतं आणि खडीला धरत नाही. फार तापलेला असला तर तेच डांबर दुपारी खडीच्या डोक्यावर येऊन बसतं आणि जाणाऱ्या माणसाची चप्पल ठेवून घेतं. आणि ओला असला तर विचारूच नका. डांबर वरच्यावर सायीसारखं राहतं आणि पहिल्या लॉरीबरोबर सोलून निघतं. बरं, ओल दिसते कुठे? वरून रस्ता ठणठणीत कोरडा, आणि पोटात रात्रीचं दव. ते मुकादमाच्या टाचेला कळायचं. लांबलांबच्या टोळ्यांत त्याला टाचमुकादम म्हणत. हे नाव आपल्याला आवडत नाही असं तो सांगायचा, आणि ते सांगायला म्हणून चार वेळा स्वतःच तो विषय काढायचा.

आता खरी गोष्ट सांगायची तर गेली दोन वर्षं त्या टाचेला ओ की ठो कळत नव्हतं.

झालं असं होतं. एका संध्याकाळी तो कामावरून खोपटात आला तेव्हा दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत जमिनीवर लाल ठिपके उमटले. बायकोने पाय उचलून बघितला तर टाचेत बोराएवढी खडी रुतलेली. सकाळी रुतली असणार, आणि हा बाप्या दिवसभर तिच्यावर चालला होता. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, पायांची जाण जायला लागली आहे, यापुढे एक पाऊलसुद्धा अनवाणी टाकायचं नाही. परत येताना घराजवळ आल्यावर मुकादम बायकोला एवढंच म्हणाला, की हे कोणाला कळलं तर माझी किंमत रिकाम्या पिंपाएवढी.

तेव्हा तोड बायकोनेच काढली. रस्ता झाडायचं काम तिचं. खराटा घेऊन ती सगळ्यांच्या पुढे असायची आणि डांबर पडायच्या आधी तिथे अनवाणी फिरायची. वीस वर्षं फिरून फिरून तिच्या पायांना रस्ता पाठ झाला होता. ठरलं असं, की रस्ता ठीक असला तर तिने आपलं झाडत राहावं. ठीक नसला तर कंबर सरळ करून डोक्याच्या रुमालाची गाठ आवळावी. मुकादमाने टाच टेकवायची, डोळे मिटल्यासारखे करायचे आणि पापणीच्या फटीतून गाठीकडे बघायचं. हाताने का नाही बघायचा, असं वाटेल. पण तीस वर्षं डांबर खाऊन त्याचे तळहात जोड्याच्या तळाएवढे जाड झाले होते. शिवाय टाचमुकादम हाताने रस्ता चाचपायला लागला तर लोक काय म्हणतील?

अशी दोन वर्षं निभली. एक फूट रस्ता उखडला नाही. मुकादमाची कीर्ती उलट वाढली, आणि माणसाचा स्वभाव बघा, हळूहळू त्याला स्वतःलाच वाटायला लागलं की टाच अजून शाबूत आहे.

या साली थंडी जाता जाईना. सकाळी धुकं, दुपारी चटका, चार वाजता पुन्हा गार वारा. कामाला मिळायचे चार-पाच तास. साहेब नवीन आला होता. कोवळा होता, गळ्यात शिट्टीसारखं एक यंत्र अडकवून फिरायचा. ते रस्त्याकडे रोखलं की किती तापलाय त्याचा आकडा दिसायचा. साहेबाने टाचेची कीर्ती ऐकली होती, म्हणून एक दिवस तो मुद्दाम बघायला उभा राहिला. मुकादमाने टाच टेकवली, फटीतून बघितलं, बायको झाडत होती. "चालू द्या," तो म्हणाला. यंत्रानेही होच म्हटलं. साहेब खूश झाला आणि त्याने विचारलं, की ही विद्या दुसऱ्या कोणाला शिकता येईल का, टोळीत आणखी कोणाला येते का?

इथे मुकादमाने गप्प बसायचं होतं. पण जिभेला हाड नसतं.

"छे हो साहेब," तो म्हणाला. "ही शिकून येत नाही. ही आमची मंडळी बघा, वीस वर्षं माझ्या पुढे झाडतेय. तिला विचारा काय कळतं ते. खराटा मारायचा आणि पुढे सरकायचं."

मंडळी चार हातांवर होती. तिचा खराटा एकदा थांबला, मग पुन्हा चालू झाला, जरा जोरात. सगळी धूळ साहेबाच्या विजारीवर गेली.

त्या संध्याकाळी खोपटात ताट जमिनीवर ठेवलं गेलं नाही, आपटलं गेलं. मुकादमाची सासू त्यांच्याकडेच राहायची. बाई लेकीपेक्षा जावयाच्या बाजूची. जगात सासवा जावयाला पाण्यात पाहतात, पण हिला जावई म्हणजे देवमाणूस वाटायचा, कारण तो जेवताना दर घासाला वा वा म्हणायचा. तिने लेकीला झापलं, की दिवसभर उन्हात उभं राहून आलेल्या माणसापुढे असं ताट आपटतात का. मेहुणा जेवायला तिथेच असायचा. वातावरण ओळखून तो पहिल्यांदाच मुकाट्याने जेवला आणि निघून गेला. मुकादमाला वाटलं, डोकं दुखत असेल हिचं. पुरुषांच्या लेखी बायकांचं डोकं नेहमी असं सोयीच्या वेळी दुखतं.

दुसऱ्या दिवशी काम झाडांच्या रांगेखाली होतं. तीनशे पावलांचा तुकडा, दोन्ही बाजूंनी जुनी दाट झाडं, सावली अशी की अकरा वाजले तरी ऊन जमिनीवर आलं नव्हतं. मुकादमाने बूट काढला, टाच टेकवली, फटीतून बघितलं. बायको झाडत होती. त्याने जरा जास्त वेळ बघितलं. ती झाडतच होती. गाठीला हात नाही की काही नाही.

"चालू द्या," तो म्हणाला.

तो सबंध दिवस काम छान झालं. रस्ता दिसायला असा झाला की मेहुण्याने त्यावर आडवं पडून दाखवलं.

सकाळी पहिली दुधाची गाडी गेली आणि मागे तडतड तडतड आवाज झाला. गाडीच्या पोटाला खडी लागत होती. दुसरी गाडी गेली ती डांबराची एक लांब पट्टी चाकाला गुंडाळून घेऊन गेली. मग शाळेची मुलं गेली आणि बुटांचे तळ दोन बोटं जाड करून गेली. एक कुत्रं रस्ता ओलांडायला आलं, अर्ध्यात उभं राहून त्याने चारही पाय आळीपाळीने झटकले आणि आल्या वाटेने परत गेलं. जवळच्या वस्तीतली एक म्हातारी खोपटापर्यंत चालत आली. तिच्या सात कोंबड्यांच्या पायांना खडी चिकटली होती आणि त्या नाल मारलेल्या घोड्यांसारख्या चालत होत्या. तिने विचारलं की आता या कोंबड्यांचं काय करायचं ते सांगा.

साहेब आला तेव्हा त्याच्या मोटारीचाही ताशा वाजला. तो उतरला, त्याने बुटाच्या टोकाने डांबराची कड उचलली. जखमेची खपली निघते तशी हातभर पट्टी अलगद वर आली. खालचा जुना रस्ता ओलसर काळा होता. साहेब ओरडला नाही, तेच वाईट झालं. म्हणाला, सगळं खरवडून काढा, चार दिवसांत पुन्हा करा. या वेळी निघालं तर वरून हुकूम आहे, यंत्रावर काम करणारी दुसरी टोळी येईल. या टोळीला घरी जावं लागेल.

"आणि मुकादम," जाताना तो म्हणाला, "तुमच्या टाचेबद्दल मी फार ऐकलं होतं."

पुढचे दोन दिवस सगळे वाकून फावड्याने डांबर खरवडत होते. अठरा माणसं, आणि एकही मुकादमाला काही बोललं नाही. तो स्वतःही खरवडायला बसला. लाजेने त्याला मान वर करवत नव्हती. त्याच्या शेजारी चार पावलांवर बायको खरवडत होती. तिच्या बोटांना फोड आले होते, तरी ती थांबत नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी खोपटाच्या दारात ती फोडांना तेल लावत बसली होती. सासू शेजाऱ्यांकडे गेली होती. मुकादम जरा अंतर ठेवून बसला. बराच वेळ त्याने बुटाच्या बंदांशी खेळ केला.

"तुला कळलं होतं ना त्या दिवशी?" शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"ओल होती ते."

"पाय ठेवल्या ठेवल्या कळलं. पोटऱ्यांपर्यंत गार गेलं."

"मग गाठ का नाही आवळलीस?"

ती तेल लावत राहिली. मग म्हणाली, "खराटा मारायचा आणि पुढे सरकायचं. मी सरकले."

मुकादमाला यावर रागवायचं होतं, पण राग काही केल्या येईना.

"अगं, पण अठरा माणसांच्या पोटावर पाय..."

"ते चुकलंच माझं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "दोन दिवस तेच खरवडतेय मी. पण तुम्ही मला दोन वर्षांत एकदा तरी विचारलंत का हो? नुसतं चोरून बघता. बायकोला विचारायला एवढी कसली चोरी?"

ती तेलाची बाटली घेऊन आत गेली. आज ताट आपटलं नाही. पण ते ठेवताना तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि त्याने वा वा न म्हणता जेवण संपवलं. सासूला वाटलं जावईबापूंना ताप आला असावा.

तिसऱ्या दिवशी धुकं लवकर उठलं. बंब पेटला, डांबर उकळीला आलं. झाडांखालचा तुकडा खरवडून, झाडून तयार होता. साहेब सकाळीच येऊन बसला होता. त्याने यंत्र रस्त्यावर रोखलं आणि जाहीर केलं की आकडा पुरेसा आहे, सुरू करा. मग कसं कोण जाणे, पण सवयीने सगळे मुकादमाकडे वळले. साहेबसुद्धा.

मुकादमाने बूट काढला, टाच टेकवली. फटीतून बघणार, तर बायकोची पाठ त्याच्याकडे होती आणि ती उभीच होती. झाडत नव्हती, गाठीलाही हात लावत नव्हती. आता याचा अर्थ काय लावायचा?

रस्त्याची पातळी बघतोय असं दाखवून तो गुडघ्यांवर बसला, मग पालथा झाला आणि त्याने गाल रस्त्याला लावला. गाल गार लागला. पण हा गार म्हणजे नुसता गार की ओला? गालाने कधी हे काम केलंच नव्हतं, त्याला काय कळणार? तो दुसरा गाल लावून बघायला लागला तेव्हा मागून कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. पालथ्या पालथ्याच त्याला समोर बायकोची पावलं दिसली. भेगा पडलेली, डांबराने काठ काळे झालेली, रस्त्यावर घट्ट टेकलेली.

तो उठला. त्याच्या एका गालाला डांबराचा ठिपका लागला होता. एकदा वाटलं, ठोकून द्यावं "चालू द्या", होईल ते होईल. मग त्याने घसा साफ केला.

"अगं," सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "काय म्हणतोय रस्ता? मला कळत नाही. दोन वर्षं झाली, माझ्या पायांना काहीच कळत नाही. तू सांग."

बंबातलं डांबर तेवढं खदखदत राहिलं. मुकादमाला वाटलं, आता हे सगळे हसतील. अठरा चेहऱ्यांकडे त्याने बघितलं तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, कोणाच्या तरी घशातलं हाड निघाल्यासारखी.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "दोन वर्षं आम्ही ताईच्या गाठीकडेच बघतोय. तुमची टाच बिचारी उगीच दमली."

रोलरवाल्यानेही मान डोलावली. तो म्हणाला की गाठ आवळली की आपण चहा ठेवायचा, नाहीतर इंजिनाला हात घालायचा, हे आपलं कधीच ठरलंय. त्या दिवशीही सगळ्यांनी गाठ बघूनच सुरुवात केली होती, म्हणूनच कोणी मुकादमाला दोष दिला नाही. नवराबायकोच्या मधे कोण पडणार?

मुकादम मटकन रस्त्याच्या कडेला बसला. दोन वर्षं जे जिवापाड झाकलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते त्याच्यापासून झाकून ठेवलं होतं. त्याला रडू यायच्या बेतात होतं, पण आलं हसूच.

बायकोने रुमाल सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला, गाठ आवळून. "थांबा," ती म्हणाली. दोन वर्षं ती हा शब्द गाठीने बोलत होती, आज तोंडाने बोलली.

साहेब पुढे झाला. यंत्र तिच्यापुढे धरून म्हणाला की बाई, आकडा बघा, रस्ता पुरेसा तापलाय. ती म्हणाली, आकडा बरोबर असेल.

"तुम्ही बूट काढा साहेब."

"मी?"

"मोजेपण."

साहेबाने चौफेर बघितलं. मग एका पायावर उभं राहून त्याने बूट काढला, मोजा काढला. आतून निघालेलं पाऊल असं गोरंपान आणि मऊ होतं की बायकांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. त्याने पाऊल रस्त्यावर ठेवलं.

"गार आहे," तो म्हणाला.

"गार नाही. ओलं आहे. जरा थांबा पाय ठेवून. गार असतं ते पायाखाली उबेला येतं. ओल तशी येत नाही, ती ऊब पिऊन घेते."

साहेब पाय ठेवून थांबला. टोळी थांबली. एखादं मिनिट गेलं असेल. साहेबाचा चेहरा हळूहळू बदलला. "येत नाही उबेला," तो म्हणाला, जणू त्यानेच शोध लावला होता.

"दोन वाजता ऊन फांद्यांच्या खालून तिरकं येतं. तास-दीड तास सबंध तुकड्यावर राहतं. तेवढ्यात उरकायचं," ती म्हणाली. मेहुण्याला तिने जाळ कमी करायला सांगितलं, डांबर जळालं तरी ते चिकटत नाही म्हणून. मग ती मुकादमाकडे वळली.

"आणि तुम्ही आधी बूट घाला. डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली. रोज सकाळी तुम्ही बूट काढता आणि माझा जीव खालीवर होतो."

मुकादमाने बूट घातला. तो बंद बांधायला वाकणार, तोच ती खाली बसली आणि तिनेच बांधला, सगळ्यांसमोर. तिच्या फोडांना बंद लागत होता, तरी तिने दुहेरी गाठ मारली.

दोन वाजता ऊन आलं. तिने टाच टेकवली आणि मुकादमाने कधी लावला नसेल इतका वेळ लावला. साहेब एक पाय अनवाणी ठेवूनच उभा होता आणि मधून मधून तिच्याकडे बघत होता, बरोबर येतंय ना म्हणून. ती म्हणाली, "चालू द्या." झाऱ्या धावल्या, खडी पडली, रोलर फिरला. साडेतीनला सावली परत आली तेव्हा शेवटची दहा पावलं उरली होती. साहेब म्हणाला, उरकून टाकू. ती म्हणाली, उद्या. कोणी वाद घातला नाही.

सकाळी दुधाची गाडी यायच्या वेळी सगळी टोळी रस्त्याच्या कडेला ओळीने उभी होती. गाडी आली. सगळे कान देऊन ऐकत होते. गाडी गेली, आणि इंजिनाशिवाय कसलाही आवाज झाला नाही. साहेब पळत जाऊन खडी बोटाने उकरायला लागला. खडी निघेना, नख मोडलं. तो हसत परत आला आणि त्याने मुकादमाचा हात धरला.

"मला काय सांगता साहेब," मुकादम म्हणाला. "मुकादम तिकडे आहे."

मुकादम तिकडे उरलेल्या दहा पावलांवर अनवाणी फिरत होती. खराटा आता टाचमुकादमाच्या हातात होता. वीस वर्षं जे काम त्याने लांबून बघितलं होतं ते करताना त्याला पहिल्याच घटकेला कळलं, की धूळ वाऱ्याबरोबर जात नाही, झाडणाऱ्याच्या नाकात जाते. तो शिंकला, कंबर धरून सरळ झाला आणि आपलं काम चांगलं झालंय अशा समजुतीने पुढे सरकला.

"अहो," ती मागून म्हणाली. "कडेचं राहिलंय तिकडे."

तो परत गेला आणि कड झाडू लागला.